एन१००, रास्पबेरी पाय ५, व्हिजनफाईव्ह २: एक्स८६, आर्म आणि रिस्क-फाईव्हची तुलना नीट कशी करायची?

सह्यगिरी (धागाकर्ता)

एक्स८६, आर्म आणि रिस्क-फाईव्ह ही तिन्ही आर्किटेक्चर (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचे, म्हणजे इन्स्ट्रक्शनचे, संच) आता एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मोजता येतील इतकी स्वस्त झाली आहेत. त्यामुळे तक्तेही भरपूर फिरतात. त्यांतल्या बहुतेकांत मोजलेली असते एक चिप आणि निकाल लावलेला असतो अख्ख्या आर्किटेक्चरचा. हा धागा ती गफलत टाळून मोजायचे कसे, यासाठी.

उदाहरणाला तीन यंत्रे घेऊ. तिन्ही ६४ बिटांची, तिन्हींना चार कोअर, एकातही हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) नाही.

इंटेल एन१००: ग्रेसमाँट कोअर, कमाल ३.४ गिगाहर्ट्झ, चौघांत मिळून २ एमबी एल-२ कॅश (चिपवरची जलद मेमरी) आणि ६ एमबी एल-३. इंटेल ७ प्रक्रियेवर बनलेली.

रास्पबेरी पाय ५: बीसीएम२७१२ चिप, कॉर्टेक्स-ए७६ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ, प्रत्येक कोअरला ५१२ केबी एल-२, सामाईक २ एमबी एल-३. १६ नॅनोमीटर.

व्हिजनफाईव्ह २: जेएच७११० चिप, सायफाईव्हचे यू७४ कोअर, १.५ गिगाहर्ट्झ, सामाईक २ एमबी एल-२, एल-३ नाही. २८ नॅनोमीटर.

खरा फरक यापुढचा आहे. ग्रेसमाँट आणि ए७६ दोन्ही आउट-ऑफ-ऑर्डर आहेत: एखादी इन्स्ट्रक्शन मेमरीची वाट पाहत अडकली तरी मागच्या तयार इन्स्ट्रक्शन पुढे काढतात. ग्रेसमाँट एका वेळी २५६ पर्यंत ऑपरेशने हवेत ठेवतो, ए७६ सुमारे १२८. यू७४ मात्र इन-ऑर्डर आहे, एका चक्रात जास्तीत जास्त दोन इन्स्ट्रक्शन, त्याही ओळीनेच. समोरची अडली की सगळी रांग अडते. तेव्हा यू७४ मागे पडला तर तो मुख्यतः इन-ऑर्डर असल्याचा परिणाम. त्याच तोडीचा आर्म हवा असेल तर पाय ३ मधला कॉर्टेक्स-ए५३ घ्या; तोही इन-ऑर्डर, तोही दोन इन्स्ट्रक्शनचा. रिस्क-फाईव्ह इन्स्ट्रक्शन सेटबद्दल काही शिकायचे असेल तर ही जोडी पाय ५ पेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

मेमरीचा हिशेब कागदावरच होतो. पाय ५: ३२ बिटांची बस, म्हणजे ४ बाइट, गुणिले ४२६७ दशलक्ष, झाले सेकंदाला सुमारे १७ जीबी. एन१०० ला एकच ६४ बिटांचा चॅनल. डीडीआर५-४८०० बसवली तर ३८.४ जीबी, डीडीआर४-३२०० बसवली तर २५.६ जीबी. एकच चिप, मिनी पीसीवाल्याने कुठली रॅम टाकली यावर दीडपट फरक! मेमरीवर अवलंबून असलेल्या कुठल्याही चाचणीत हा आकडा आधी लिहा, मग प्रोसेसरविषयी बोला.

---

रानवारा

चांगला धागा. एक मूलभूत शंका. आर्म हा रिस्क (सोप्या इन्स्ट्रक्शनचा) म्हणून वीज कमी खातो आणि एक्स८६ सिस्क (गुंतागुंतीच्या इन्स्ट्रक्शनचा) म्हणून जास्त, असे पाठ्यपुस्तकी उत्तर असते. तुमच्या म्हणण्याप्रमाणे इन्स्ट्रक्शन सेटचा काहीच संबंध नाही का?

---

पाइपलाइन

रानवारा, संबंध आहे, पण तो पाठ्यपुस्तकात सांगतात तिथे नाही.

१९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे मुख्य प्रोसेसर एक्स८६ इन्स्ट्रक्शन फोडून आतल्या सोप्या मायक्रो-ऑपरेशनमध्ये बदलतात आणि तीच चालवतात. आतली अंमलबजावणीची यंत्रणा दोन्हीकडे जवळपास एकाच धाटणीची असते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये कॉर्टेक्स-ए८, ए९, अ‍ॅटम आणि सँडी ब्रिज यांवर पद्धतशीर मोजमाप केले. वेग आणि वीज यांतला फरक कोअरच्या रचनेतून येतो, रिस्क-सिस्क भेदातून नव्हे, हाच त्यांचा निष्कर्ष होता.

तरी चार ठिकाणी इन्स्ट्रक्शन सेट खरोखर बोलतो.

पहिले, डीकोड, म्हणजे इन्स्ट्रक्शनचा अर्थ उलगडणे. एक्स८६ ची इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइट कितीही लांब असू शकते. पहिली कुठे संपली हे कळल्याशिवाय दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. ६४ बिटी आर्मची प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटची, त्यामुळे शेजारी शेजारी आठ डीकोडर लावणे सोपे. अ‍ॅपलने २०२० च्या एम१ मध्ये एका चक्रात आठ इन्स्ट्रक्शन डीकोड केल्या, तेव्हा एएमडीचा झेन ३ चारवर होता. एक्स८६ वाल्यांनी यावर तोडगे काढले आहेत. सँडी ब्रिजपासून डीकोड झालेली मायक्रो-ऑपरेशने वेगळ्या कॅशमध्ये ठेवतात. ग्रेसमाँटमध्ये ती कॅश नाही. त्याऐवजी तीन-तीन डीकोडरचे दोन गट आहेत आणि ते कोडच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांवर एकाच वेळी काम करतात. म्हणजे किंमत मोजावी लागते, पण ती काही टक्क्यांची असते, पटीत नसते.

दुसरे, रजिस्टर, म्हणजे कोअरमधल्या सर्वांत जलद साठवणीच्या जागा. एक्स८६-६४ ला १६ सर्वसाधारण रजिस्टर, ६४ बिटी आर्मला ३१. रिस्क-फाईव्हलाही ३१ आणि शिवाय एक कायमचे शून्य. रजिस्टर कमी पडली की कंपायलर स्टॅकवर ठेव-काढ करतो. इंटेलने २०२३ मध्ये एपीएक्स हा विस्तार जाहीर करून ती ३२ वर न्यायचे ठरवले. फरक पडत नसता तर हा खटाटोप कशाला केला असता?

तिसरे, व्हेक्टर (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम). चौथे, मेमरी ऑर्डरिंग (लिहिलेले इतर कोअरना कुठल्या क्रमाने दिसते). या दोन्हींवर स्वतंत्र लिहावे लागेल.

आणि आयपीसीची (एका चक्रात पुऱ्या होणाऱ्या इन्स्ट्रक्शनची) तुलना दोन आर्किटेक्चरमध्ये करूच नका. वेळ म्हणजे इन्स्ट्रक्शनची संख्या गुणिले प्रत्येकीची सरासरी चक्रे गुणिले चक्राचा काळ. एकच सी प्रोग्रॅम तिन्हींवर वेगवेगळ्या संख्येने इन्स्ट्रक्शन चालवतो. एक्स८६ मध्ये मेमरीतली किंमत वाचून बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होते, रिस्क-फाईव्हला दोन लागतात. त्यामुळे आयपीसी जास्त असलेला प्रोसेसर हळू असू शकतो. तुलना करायचीच तर एकाच कामाला लागलेल्या एकूण चक्रांची करा. लिनक्सची पर्फ स्टॅट आज्ञा ती देते.

---

तिसरा_घाट

मोजणीआधीची तयारी लिहितो. निम्मे चुकीचे आकडे इथेच जन्मतात.

ऑपरेटिंग सिस्टिम एकच ठेवा. डेबियन १३ पासून रिस्क-फाईव्ह अधिकृत यादीत आले आहे, त्यामुळे तिन्हींवर तीच आवृत्ती आणि तोच जीसीसी १४ मिळतो. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएसची त्याच डेबियनवर आधारलेली आवृत्ती चालेल.

पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचाच अ‍ॅडॅप्टर लावा आणि पंखा बसवा. ८० अंशांच्या आसपास तो स्वतःचा वेग कमी करू लागतो. प्रत्येक चाचणीनंतर व्हीसीजेनसीएमडीची गेट-थ्रॉटल्ड आज्ञा द्या. उत्तर ०एक्स० आले पाहिजे. ०एक्स५०००० दिसले तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले आणि वेग छाटला गेला असा अर्थ. तो आकडा फेकून द्या. मोबाइलच्या चार्जरवर आणि बारीक केबलवर हे हमखास होते.

एन१०० चा कागदावरचा टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने ठरवलेली वीज) ६ वॅट. मिनी पीसी बनवणारे बायोसमध्ये ही मर्यादा बरीच वर नेऊन ठेवतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे एन१०० सारखे धावत नाहीत.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारे धोरण) तिन्हींवर परफॉर्मन्स ठेवा. चाचणीच्या फायली आणि निकाल रॅममधल्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे डेव्ह-शेममध्ये ठेवा. नाहीतर एका बाजूला एनव्हीएमई आणि दुसऱ्या बाजूला एसडी कार्ड अशी कार्डांची शर्यत होते. एका कोअरची चाचणी टास्कसेटने शेवटच्या कोअरवर बांधा, कारण पहिल्या कोअरवर इंटरप्टचा भार जास्त असतो.

समान क्लॉकवर तुलना हवी असेल तर योग चांगला जुळून आला आहे. पाय ५ चा किमान वेग १५०० मेगाहर्ट्झ, जेएच७११० चा कमाल वेगही तोच. पाय ५ वर पॉवरसेव्ह गव्हर्नर लावला की तो १५०० वर बसतो. एन१०० ला सीपीयूपॉवरने कमाल १.५ गिगाहर्ट्झ बांधता येते.

पण या आकड्याला 'खरी' तुलना म्हणून मिरवू नका. मेमरीला उत्तर द्यायला समजा १०० नॅनोसेकंद लागतात. ३.४ गिगाहर्ट्झवर ती ३४० चक्रे झाली, १.५ वर फक्त १५०. क्लॉक उतरवले की मेमरी आपोआप 'जवळ' येते आणि प्रत्येक चक्रातले काम वाढलेले दिसते. दोन्ही आकडे द्या, समान क्लॉकचा आणि पूर्ण वेगाचा.

---

अर्धविराम

तिसरा_घाट यांच्याशी सहमत. कंपायलरची बाजू मी जोडतो.

तयार पॅकेज वापरून तुलना केली तर तुम्ही डेबियनचे धोरण मोजता. डेबियनचे एक्स८६ पॅकेज २००३ च्या ऑप्टेरॉनवरही चालेल अशा पायावर बांधलेले, म्हणजे एसएसई२ पर्यंतच. एव्हीएक्स (रुंद व्हेक्टर) नाही, एफएमए (गुणाकार-बेरीज एका पावलात) नाही, पॉपकाउंटसुद्धा (१ असलेले बिट मोजणे) नाही. आर्मचा पाया आर्मव्ही८.०, त्यात निऑन व्हेक्टर आणि एफएमए मुळातच आहेत. रिस्क-फाईव्हचा पाया आरव्ही६४जीसी: व्हेक्टर नाही, बिट हाताळणीच्या इन्स्ट्रक्शन नाहीत. बाइटचा क्रम उलटवायला एक्स८६ आणि आर्मला एक इन्स्ट्रक्शन पुरते. आरव्ही६४जीसीला शिफ्ट आणि अँडची लांबलचक माळ ओवावी लागते. हॅशिंग, कॉम्प्रेशन आणि नेटवर्कच्या कोडमध्ये हे सतत येते.

म्हणून मूळ कोडपासून बांधा, ओ-२ पातळीवर, आणि प्रोसेसर नाव घेऊन सांगा. एन१०० साठी मार्च=ग्रेसमाँट. पाय ५ साठी एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए७६. व्हिजनफाईव्हसाठी मार्च=आरव्ही६४जीसी_झेडबीए_झेडबीबी आणि एमट्यून=सायफाईव्ह-७-सीरिज; यू७४ मध्ये बिट हाताळणीचे हे दोन विस्तार आहेत, ते न मागितल्यास फुकट जातात.

इथे एक सापळा आहे. एक्स८६ वर मार्च दिले की इन्स्ट्रक्शनही खुल्या होतात आणि त्या चिपसाठी ट्यूनिंगही होते. ६४ बिटी आर्मवर मार्च फक्त इन्स्ट्रक्शन खुल्या करते, ट्यूनिंग नाही; दोन्ही हवे तर एमसीपीयू. आणि एक्स८६ वर एमसीपीयू म्हणजे एमट्यूनचेच जुने नाव, त्याने नवी इन्स्ट्रक्शन मिळत नाही. एकाच मेकफाइलमध्ये तिन्हींना एकच झेंडा (कंपायलरचा पर्याय) चिकटवला की कुणावर तरी अन्याय ठरलेला.

उत्तरे जुळतात का तेही तपासा. जीसीसी मूळ सेटिंगमध्ये गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एफएमए काढतो. पायाभूत एक्स८६ मध्ये एफएमए नसल्यामुळे तिथे ती दोन पायऱ्यांत होते. शेवटचा अंक वेगळा येतो, आणि 'अचूकता येईपर्यंत फिरत राहा' अशा लूपच्या फेऱ्याच बदलू शकतात. मग तुलना कामाचीच राहत नाही. एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ देऊन एकदा तिन्हींची उत्तरे बिटागणिक जुळवा, मग ऑन करून वेळ मोजा.

तसाच सी भाषेतला कॅर हा एका बाइटचा प्रकार. लिनक्सवर तो एक्स८६ ला चिन्हासहित, आर्म आणि रिस्क-फाईव्हला चिन्हाविना. शून्याने पूर्णांक भागाकार केला तर एक्स८६ प्रोग्रॅम पाडतो, आर्म ० देतो, रिस्क-फाईव्ह सगळे बिट १ करून देतो. बेंचमार्कचा कोड अशा कोपऱ्यांना हात लावत नाही याची खात्री करा.

---

खडीसाखर

व्हिजनफाईव्हवर एक पार्सर बाकी चाचण्यांच्या मानाने फारच रखडतो. यू७४ इन-ऑर्डर आहे हे मान्य, पण एवढा फरक? पर्फमध्ये कॅश मिस विशेष दिसत नाहीत, चक्रे मात्र अफाट.

---

अर्धविराम

खडीसाखर, कोडमध्ये बाइटच्या पॉइंटरला थेट ३२ किंवा ६४ बिटांचा पॉइंटर करून वाचले आहे का ते पाहा. ४ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून ४ बाइट वाचणे एक्स८६ आणि ए७६ हार्डवेअरमध्येच निभावतात. यू७४ ला ते जमत नाही. तो ट्रॅप करतो, ओपनएसबीआय फर्मवेअर ते वाचन बाइट-बाइट जोडून पुरे करते आणि मग परत येते. एका साध्या वाचनाला शेकडो चक्रे. हे कर्नलच्याही खाली घडते, म्हणून नेहमीच्या प्रोफाइलमध्ये कारण दिसत नाही, नुसती चक्रे फुगतात.

उपाय सोपा: पॉइंटरचे कास्ट काढून मेमकॉपीने ४ बाइट एका चलात घ्या. एक्स८६ आणि आर्मवर कंपायलर त्याची एकच लोड इन्स्ट्रक्शन करतो, तिथे काही गमावत नाही. यू७४ वर तो चार बाइट-लोड आणि जुळणी करतो, ती ट्रॅपपेक्षा कितीतरी स्वस्त.

---

खडीसाखर

तेच होते. टोकन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ६४ बिटांचे कास्ट होते. मेमकॉपी केल्यावर पार्सर बाकी चाचण्यांच्या ओळीत आला. धन्यवाद!

---

पाइपलाइन

आता कुठल्या चाचण्या घ्याव्यात.

७-झिपची अंगभूत चाचणी लोकप्रिय आहे, पण आवृत्ती लिहिल्याशिवाय तिला अर्थ नाही. जुना पी७झिप १६.०२ आणि आजचा ७-झिप ही वेगळी जनावरे आहेत. नव्या आवृत्तीत एलझेडएमए उलगडण्याचा भाग एक्स८६-६४ आणि आर्म६४ साठी हाताने असेंब्लीत लिहिलेला आहे. रिस्क-फाईव्ह सीवर चालतो. एका थ्रेडची चाचणी आधी घ्या आणि कॉम्प्रेस-डीकॉम्प्रेसचे आकडे वेगळे नोंदवा. कॉम्प्रेशन मेमरीच्या विलंबावर आणि टीएलबीवर (मेमरीच्या पानांचे पत्ते जपणाऱ्या कॅशवर) अडते, डीकॉम्प्रेशन ब्रँचचा अंदाज चुकण्यावर. सरासरी काढली की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

ओपनएसएसएल स्पीडमध्ये एईएस-२५६-जीसीएम हे एन्क्रिप्शन घ्या. एन१०० आणि पाय ५ दोघांकडे एईएसच्या खास इन्स्ट्रक्शन आहेत. पाय ४ च्या चिपमध्ये त्या नव्हत्या, तोही आर्मच! यू७४ कडेही नाहीत. चाचा२०-पॉली१३०५ जोडीला ठेवा, त्याला खास इन्स्ट्रक्शन लागत नाहीत, म्हणून कोअरची मूळ ताकद तिथे जास्त प्रामाणिकपणे दिसते.

मेमरीचा वेग मोजणाऱ्या स्ट्रीम चाचणीत अ‍ॅरेचा आकार शेवटच्या कॅशच्या किमान चौपट हवा. एन१०० ला ६ एमबी म्हणजे २४ एमबीच्या वर. तिन्हींवर एकच आकार ठेवा, प्रत्येक अ‍ॅरेला २०० एमबी घेतले की वाद संपतो.

एक्स२६४ आणि एक्स२६५ हे व्हिडिओ एन्कोडर बांधताना एक्स८६ वर नॅसम (असेंब्लर) आधी बसवा. एक्स२६४ त्याच्याशिवाय थांबतो आणि स्पष्ट सांगतो. एक्स२६५ मात्र असेंब्लीविना मुकाट्याने बांधला जातो, आणि मग त्या बिचाऱ्या एन१०० चा आकडा कित्येक पट खाली येतो. सुरुवातीच्या लॉगमध्ये वापरात असलेले सीपीयू गुण छापले जातात. एव्हीएक्स२ तिथे दिसलेच पाहिजे.

कर्नल बांधायचा वेळ सगळे देतात. पण प्रत्येक यंत्राने स्वतःचा कर्नल बांधला तर काम वेगळे, फायलींची संख्या वेगळी, आणि कंपायलर कोडही वेगळ्या आर्किटेक्चरसाठी काढतो. एकच क्लँग, एकच कर्नल आवृत्ती, आणि तिन्हींवर लक्ष्य आर्म६४ चेच ठेवा. क्लँग मुळातच परक्या लक्ष्यासाठी कोड काढू शकतो, त्यामुळे वेगळे टूलचेन लागत नाही.

जावासाठी जेडीके १९ च्या आधीची आवृत्ती रिस्क-फाईव्हवर घेऊ नका. लिनक्स रिस्क-फाईव्हचे पोर्ट मुख्य जेडीकेमध्ये १९ ला आले. त्याआधीच्या झिरो बिल्डमध्ये जेआयटी (चालताना यंत्रभाषेत भाषांतर) नाही, सगळे इंटरप्रिटरवर. तो आकडा प्रोसेसरचा नव्हे.

सगळ्यांचा एक अंक करायचा असेल तर भूमितीय मध्य. एका चाचणीत अ ला १० सेकंद आणि ब ला ५, दुसरीत उलट. गुणोत्तरांची साधी सरासरी घेतली तर अ हा ब पेक्षा १.२५ पट वेगवान निघतो, आणि ब सुद्धा अ पेक्षा १.२५ पट! भूमितीय मध्य १ देतो.

---

रानवारा

स्पेक सीपीयू २०१७ या प्रमाणित चाचणीसंचाचे प्रसिद्ध झालेले आकडे सरळ का वापरू नयेत?

---

पाइपलाइन

वापरा, पण बेस (सगळ्या चाचण्यांना एकच झेंडे) आणि पीक (प्रत्येकीला वेगळे) वेगळे, रेट (अनेक प्रती एकदम) आणि स्पीड (एकाच कामाचा वेळ) वेगळे हे पाहून. आणि कंपायलरची ओळ वाचून. २०२४ मध्ये स्पेकने इंटेल कंपायलरच्या काही आवृत्त्यांनी मिळालेल्या निकालांवर शेरा मारला, कारण तो कंपायलर झॅलॅनबीएमके या एका चाचणीची आधीच माहिती धरून खास ऑप्टिमायझेशन करत होता. दोन आर्किटेक्चरची तुलना करताना दोन्हीकडे एकाच आवृत्तीचा जीसीसी असलेले निकाल शोधा. ते कमी सापडतात, पण तेच कामाचे.

---

वीजबिल

विजेबद्दल. इंटेलचे आरएपीएल हे वीज मोजणारे काउंटर फक्त चिपच्या पॅकेजची ऊर्जा सांगतात. पाय ५ बोर्डाच्या वीजपुरवठ्याचे आकडे देतो, ते वेगळ्या जागचे. हे दोन आकडे शेजारी ठेवणे म्हणजे एकाचे कपड्यांसकट वजन आणि दुसऱ्याचे कपड्यांविना. तिन्हींसाठी भिंतीवरच्या सॉकेटला एकच मीटर लावा. डिस्प्ले, कीबोर्ड, यूएसबी डिस्क काढा, एसएसएचने चालवा. आधी दहा मिनिटे निष्क्रिय वाचन, मग भाराखालचे. दोन्ही लिहा.

आणि वॅट नको, ज्यूल लिहा. समजा एक यंत्र १६ वॅट घेऊन काम १०० सेकंदांत संपवते: १६०० ज्यूल. दुसरे ८ वॅट घेऊन २५० सेकंदांत: २००० ज्यूल. कमी वॅटचे यंत्र इथे जास्त वीज खाते.

इंटेल ७, १६ नॅनोमीटर आणि २८ नॅनोमीटर अशा तीन वेगळ्या प्रक्रियांवरच्या चिपांच्या ज्यूलवरून इन्स्ट्रक्शन सेटची काटकसर ठरवता येत नाही, एवढे तक्त्याखाली जरूर लिहा.

आरएपीएल वाचताना 'परवानगी नाही' आले तर गोंधळू नका. २०२० मध्ये या काउंटरवरून गुप्त कळा काढण्याचा हल्ला दाखवला गेला, तेव्हापासून लिनक्सवर तो आकडा फक्त रूटला वाचता येतो.

---

तिसरा_घाट

व्हेक्टरचे पाइपलाइन यांनी पुढे ढकलले होते, थोडक्यात लिहितो. ए७६ कडे १२८ बिटी निऑन, एसव्हीई (आर्मचा नवा व्हेक्टर विस्तार) नाही. ग्रेसमाँट एव्हीएक्स२ च्या २५६ बिटी इन्स्ट्रक्शन स्वीकारतो, पण आत १२८ चे दोन तुकडे करून चालवतो. म्हणून 'दुप्पट रुंद, दुप्पट वेग' हा हिशेब इथे लागू नाही. यू७४ कडे व्हेक्टर नाहीच.

रिस्क-फाईव्ह व्हेक्टर मोजायचा तर बनाना पाय बीपीआय-एफ३ घ्या. त्यातल्या स्पेसमिट के१ मध्ये आरव्हीव्ही (रिस्क-फाईव्हचा व्हेक्टर विस्तार) १.०, २५६ बिटी. ६४ कोअरच्या एसजी२०४२ वाल्या यंत्रांपासून सावध. त्यांत व्हेक्टर आहे पण ०.७.१ मसुद्याचा, २०२१ मध्ये मंजूर झालेल्या १.० शी न जुळणारा. १.० साठी बांधलेला प्रोग्रॅम तिथे बेकायदा इन्स्ट्रक्शन म्हणून पडतो, आणि व्हेक्टर बंद करून मोजला तर अर्धी चिप झोपलेली. २०२४ च्या आरव्हीए२३ प्रोफाइलने व्हेक्टर सक्तीचा केला आहे, उबंटू २५.१० ने तोच पाया धरला. पुढची तुलना त्या चिपांवर व्हायला हवी.

---

कोलाहल

सर्व्हर बघणाऱ्यांसाठी. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ग्रॅव्हिटॉन (अ‍ॅमेझॉनचा आर्म प्रोसेसर) आणि एक्स८६ ची तुलना 'दोन्हीकडे ८ व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारे आभासी प्रोसेसर)' म्हणून करतात. एम७आय या इंटेल प्रकारात एक व्हीसीपीयू म्हणजे एक हायपरथ्रेड, त्यामुळे आठ म्हणजे चार कोअर. एम७जी या ग्रॅव्हिटॉन३ प्रकारात आठ म्हणजे आठ अख्खे कोअर. एम७ए या एएमडी प्रकारातही आठ म्हणजे आठ कोअर. म्हणजे आर्किटेक्चरची तुलना हवी तर एम७जी विरुद्ध एम७ए. खर्चाची हवी तर तासाच्या दरावर, व्हीसीपीयू मोजूच नका.

आणि निव्वळ पूर्ण भारावर मोजू नका. हायपरथ्रेडवाले यंत्र निम्म्या भारापर्यंत झकास चालते, कारण तोवर प्रत्येक कामाला अख्खा कोअर मिळतो. पुढे जोडीदार थ्रेड वाटेकरी होतात आणि ९९ व्या शतमकाचा (सर्वांत हळू १ टक्का विनंत्यांचा) विलंब चढू लागतो. २०, ४०, ६०, ८० टक्के अशा पायऱ्यांनी भार वाढवून प्रत्येक पायरीचा विलंब नोंदवा.

अनेक थ्रेड असलेला जुना सी++ कोड आर्मवर नेताना दोन गोष्टी. एक्स८६ वर आधीचे लिखाण आधी आणि नंतरचे नंतर दिसते. आर्म आणि रिस्क-फाईव्ह क्रम बदलू शकतात. 'डेटा लिही, मग झेंडा उभार' हे साध्या चलांनी केले असेल तर एक्स८६ वर वर्षानुवर्षे चाललेला कोड आर्मवर क्वचित, आणि भाराखालीच, चुकतो. झेंड्याला रिलीज आणि वाचनाला अक्वायर लावा. घाबरून सगळीकडे पूर्ण बॅरिअर (क्रम सक्तीने राखणाऱ्या इन्स्ट्रक्शन) घातले तर आर्मचा आकडा विनाकारण पडतो.

दुसरी गोष्ट अ‍ॅटॉमिक (मध्ये दुसऱ्या थ्रेडला शिरू न देणाऱ्या क्रिया). आर्मव्ही८.० मध्ये लोड-स्टोअर जोडीचा लूप होता, खूप कोअर एका चलावर तुटून पडले की तो वारंवार फसतो. आर्मव्ही८.१ ने एकाच इन्स्ट्रक्शनचे अ‍ॅटॉमिक आणले. जीसीसी १० पासून कंपायलर चालू असताना तपासून योग्य प्रकार निवडतो. त्याहून जुन्या कंपायलरने बांधलेला डेटाबेस ६४ कोअरवर मोजू नका.

---

खडीसाखर

विषयाला थोडे सोडून: आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा हे भारतीय रिस्क-फाईव्ह प्रोसेसर या तक्त्यात कुठे बसतील?

---

सह्यगिरी

खडीसाखर, या तक्त्यात बसवू नयेत. शक्तीचा सी-क्लास ६४ बिटी, पाच टप्प्यांचा इन-ऑर्डर कोअर आहे. त्याची तुलना यू७४ किंवा ए५३ च्याही खालच्या पायरीशी, प्रति मेगाहर्ट्झ करावी. सी-डॅकच्या एरीज बोर्डांवरचा तेजस३२ हा १०० मेगाहर्ट्झचा ३२ बिटी मायक्रोकंट्रोलर, २५६ केबी एसरॅम. लिनक्स त्यावर नाही. त्याला कॉर्टेक्स-एम गटासोबत (आर्मचे मायक्रोकंट्रोलर कोअर) कोअरमार्क या छोट्या चाचणीच्या प्रति मेगाहर्ट्झ आकड्यावर मोजा. किमान १० सेकंद चालवा, कंपायलर आणि झेंडे निकालासोबत लिहा, आणि कोड फ्लॅशमधून चालला की एसरॅममधून तेही. फ्लॅशच्या थांब्यांमुळे एकच कोअर दोन वेगळे आकडे देतो. ड्रायस्टोन ही जुनी चाचणी टाळा, त्याचा मोठा भाग स्ट्रिंगची कॉपी आणि तुलना यांत जातो, प्रोसेसरऐवजी सी लायब्ररी मोजली जाते.

मूळ विषयात एक भर. पाय ५ चा मूळ कर्नल १६ केबी पानांचा आहे, एन१०० आणि व्हिजनफाईव्ह ४ केबीवर. ए७६ च्या दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १२८० नोंदी: ४ केबीने ५ एमबी झाकली जाते, १६ केबीने २० एमबी. मोठ्या हॅश टेबलच्या चाचणीत हा फरक उघड दिसतो आणि लोक तो 'आर्मचा गुण' म्हणून खपवतात. कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल=कर्नल८.आयएमजी ही ओळ टाकून पुन्हा सुरू केले की पाय ५ सुद्धा ४ केबीवर येतो. गेटकॉन्फने पानाचा आकार तपासा, ४०९६ यायला हवा. मग तीच चाचणी दोन्ही आकारांवर घ्या.

---

वीजबिल

एन१०० ची खरी वीजमर्यादा बायोस न उघडता पाहता येते का? विक्रेत्याच्या पानावर तर ६ वॅटच लिहिलेले असते.

---

तिसरा_घाट

येते. सिस-क्लास-पॉवरकॅप फोल्डरात इंटेल-आरएपीएल:० उघडा. कन्स्ट्रेंट-०-पॉवर-लिमिट-यूडब्ल्यू ही दीर्घकालीन मर्यादा, मायक्रोवॅटमध्ये. ६०००००० म्हणजे ६ वॅट, १५०००००० म्हणजे १५. कन्स्ट्रेंट-१ ही थोड्या वेळाची मर्यादा. रूट म्हणून पहिल्या फायलीत ६०००००० लिहिले तर त्या सत्रापुरती ६ वॅटची एन१०० मिळते. बायोसने कुलूप लावले असेल तर आकडा लिहूनही बदलत नाही, म्हणून पुन्हा वाचून बघा. दोन्ही मर्यादांवर चाचण्या घेतल्या तर तक्त्यात एन१०० च्या दोन ओळी करा.